नाहीच्या लॉबीतलं कुलूप

६ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद पाठवतोय. घ्यायचे नसले तर पाकिटातच राहू देत.

आठ वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. काम अगदी किरकोळ आहे. माळ्यावर तुझी हिरवी ट्रंक पडून आहे आणि तिची किल्ली सापडत नाही. तुझ्या वहिनीला तिच्यात पांघरुणं ठेवायची आहेत. किल्ली तुझ्याकडे असली तर पाठव, नसली तर तसं कळव. दोन ओळींचं काम आहे.

पत्ता कुठून मिळवला म्हणशील. गेल्या आठवड्यात इथे प्रत्येक सभासदाच्या खणात जगातल्या भुकेवरची एक पुस्तिका टाकली होती. लवकरच त्यावर चर्चा आहे. सभासदांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. एकाने वारा घेतला, एकाने मागच्या कोऱ्या पानावर घराचा नकाशा काढला आणि एकाने ती डुगडुगणाऱ्या मेजाच्या पायाखाली सरकवली. ती मी काढून घेतली. मेज पुन्हा डुगडुगायला लागलं, म्हणून तिथे नियमावलीची जुनी आवृत्ती घातली.

सातव्या पानावर एक फोटो आहे. माणूस आत बसेल एवढं पातेलं, त्यासमोर हातात पळी घेतलेली एक बाई, तोंड उघडं, कुणावर तरी डाफरतेय. खाली नाव नाही, नुसतं ‘स्वयंपाकघर क्रमांक नऊच्या प्रमुख’. चेहरा नीट दिसत नाही, पण त्या डाफरण्यावरून मी तुला लगेच ओळखलं. लहानपणी माझी चप्पल तुझ्या रांगोळीवर– नाही, तुझ्या रंगपेटीवर पडली होती तेव्हाचं तोंड आहे ते.

फोटोखाली पत्ता आहे, आणि असंही छापलंय की तिथे रोज अकराशे मुलं जेवतात आणि मदत मंजूर झाली नाही तर मार्चअखेर चुली बंद होतील. हे खरं आहे की छापण्यापुरतं आहे?

मी आहे तिथेच आहे. सभागृह द्वारपाल, श्रेणी दोन. श्रेणी एक मिळेल मिळेल म्हणताना निवृत्तीला अकरा महिने उरले.

तो जुना विषय मी काढत नाही. आठ वर्षांपूर्वी सभागृहाच्या समितीपुढे तुझी साक्ष दहा वाजता होती, तू दहा वाजून दोन मिनिटांनी आलीस आणि त्या दिवशी दारावर मी होतो. दहानंतर कुणाला आत सोडायचं नाही हा नियम मी केलेला नाही. विषय काढायचा म्हणून हे लिहीत नाहीये, आठवलं म्हणून लिहिलं.

किल्लीचं तेवढं बघ.

तुझा
दादा


२५ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर मिळालं. दोन ओळींचं काम म्हणालो तर तू मोजून दोनच ओळी पाठवल्यास. ‘किल्ली माझ्याकडे नाही आणि तुझ्या हातून एखादी किल्ली हरवली असेल यावर माझा विश्वास नाही. चुलींचं छापलंय ते खरं आहे.’ वहिनीने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं, वाचलं, हसली आणि पुन्हा वाचलं. मग कपाटावर ठेवलं. तिथे ती फक्त जपायच्या वस्तू ठेवते.

तुला वेळ नसतो हे कळलं. पण तुझ्या चुलींविषयी आमच्या इथे काय चाललंय ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो.

चर्चा सुरू झाली. विरोधी बाकांवरच्या एक बाई आहेत, आधी शाळेत गणित शिकवायच्या. आम्ही त्यांना आकडेबाई म्हणतो. त्यांची सूचना अशी की लष्कराच्या मागणीतून शंभरातला एक भाग कापावा आणि जगातल्या उपाशी लोकांच्या धान्यासाठी द्यावा. शंभरातला एक! पण संरक्षणमंत्री असे उठले की जणू बाईंनी रणगाड्यांची भांडीकुंडी करून वाटायला सांगितलंय. म्हणाले, “दूरच्या देशातला उपाशी माणूस हा तिथल्या सरकारचा प्रश्न आहे. दूरच्या देशातला रणगाडा हा मात्र आपला प्रश्न आहे.” बाकं दणादणा वाजली. आकडेबाई शांतपणे म्हणाल्या, “मंत्रिमहोदय, तुमचे निम्मे रणगाडे बसल्या जागी गंजलेत, असं तुमच्याच अहवालाच्या बत्तिसाव्या पानावर आहे. ते पान तुम्ही वाचलंय का?” मंत्र्यांनी अहवाल उघडला. एकतिसावं पान झाल्यावर एकदम तेहतिसावंच. छपाईत राहून गेलं होतं म्हणे.

मग आमचे दुरुस्तीबहाद्दर उभे राहिले. हे गृहस्थ कशावरही दुरुस्ती सुचवतात. म्हणाले, “आधी भुकेची व्याख्या करा. व्याख्येशिवाय मदत कशी देणार? या क्षणी मलाही भूक लागली आहे.” अध्यक्षबाई म्हणाल्या, “त्याची नोंद होणार नाही.” ते म्हणाले, “माझ्या भुकेची की वाक्याची?” अध्यक्षबाईंनी सरळ जेवणाची सुट्टी जाहीर केली.

सुट्टी संपली तरी सभागृहात माणसं अकरा. कामकाज चालवायला चाळीस लागतात. भुकेची चर्चा थांबली, कारण सगळे जेवत होते. मला उपाहारगृहात पाठवलं. प्रत्येक मेजापाशी जाऊन मी हात जोडून सांगत होतो, “साहेब, उपाशी लोकांसाठी आत चला.” एकजण म्हणाले, “एवढी वाटी संपवतो.” त्या वाटीत काय होतं विचारू नकोस, तिसरी होती.

एकच गृहस्थ ताट चाटूनपुसून वेळेवर उठले. मिशीवाले ब्रिगेडियर. सरकार पक्षाचे, वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी. भाषणात त्यांच्याकडे तोफांशिवाय विषय नसतो. पण ताटात कण टाकत नाहीत, आणि शेजाऱ्याने पाव टाकलेला दिसला तर त्याच्याकडे असे बघतात की तो मुकाट्याने खातो.

त्यांच्यावरून मतदानाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सभागृहाच्या मागच्या भिंतीत शेजारीशेजारी दोन दारं आहेत. डावीकडे होयची लॉबी, उजवीकडे नाहीची. मधे स्टुलावर मी. घंटा चार मिनिटं वाजते, सभासद आपापल्या लॉबीत जातात, घंटा थांबली की मी दोन्ही दारं लावतो. दार लागल्यावर जो ज्या लॉबीत असेल त्याचं मत त्या बाजूला. मग एकेकाला बाहेर सोडत मोजतात. प्रत्येक लॉबीत एक स्वच्छतागृह आहे. ब्रिगेडियरना घंटा ऐकली की आधी तिकडेच धाव घ्यावी लागते, वयच तसं आहे. मोजणारे रांग संपली तरी थांबतात आणि मला विचारतात, “ब्रिगेडियर बाहेर आले का?” ते आले की निकाल.

या वेळी सगळं एका मतावर येऊन ठेपलंय. उपाहारगृहात पैजा लागल्यात. होय सत्त्याण्णव, नाही अठ्ठ्याण्णव, म्हणजे तुझ्या चुली एका मताने विझणार.

माझं मत विचारू नकोस. द्वारपालाला मत नसतं.

दादा

ता. क. किल्ली अजून शोधतोय.


११ मार्च

भिंगरी,

तुला तारेने कळलं असेलच. होय अठ्ठ्याण्णव, नाही सत्त्याण्णव! सूचना मंजूर झाली!

कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण वर्तमानपत्रांत वाटेल ते आलंय. दुपारी बारा वाजता घंटा सुरू झाली. सगळे आपापल्या लॉबीत गेले. ब्रिगेडियर काठी टेकत नेहमीप्रमाणे नाहीच्या लॉबीत शिरले. पण तिथल्या स्वच्छतागृहाचा नळ गळत होता आणि नळवाला कामाला लागलेला, त्यामुळे दाराला कुलूप आणि वर पाटी. ब्रिगेडियर तसेच परत आले. चेहरा लाल, मिशी थरथरतेय. मला म्हणाले, “अरे, हे काय?” मी म्हटलं, “साहेब, शेजारचं चालू आहे.” ते होयच्या लॉबीत गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग घंटा थांबली. मी दोन्ही दारं लावली, नियमाप्रमाणे, सेकंदाचाही फरक नाही.

मोजणी झाली. नाहीच्या बाजूने विचारलं, “ब्रिगेडियर आले का?” होयच्या बाजूने उत्तर आलं, “इथे आहेत, हात धुतायत.”

त्यानंतर जे झालं त्याला कामकाज म्हणत नाहीत. संरक्षणमंत्री बाकावर चढले. दुरुस्तीबहाद्दरांनी स्वच्छतागृह हे लॉबीचा भाग आहे की नाही यावर खुलासा मागितला. अध्यक्षबाईंनी नियमावली मागवली, तर नवी आवृत्ती कुणी घरी नेलेली आणि जुनी मेजाच्या पायाखाली. ती मीच काढून दिली. त्यात स्पष्ट होतं, ‘लॉबी म्हणजे दारापासून सर्व खोल्यांसह’. अध्यक्षबाईंनी मत ग्राह्य धरलं. ब्रिगेडियर मिशी पुसत बसले.

तुझ्या चुली वाचल्या. अकराशे मुलं जेवतील. असा योगायोग क्वचित होतो.

दादा


१२ मार्च

भिंगरी,

कालचं पत्र टपालात पडलं, परत काढता येत नाही. पेटीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, नियम आहे.

नळवाला मंगळवारीच काम संपवून गेला होता. दहा मिनिटांत नळ दुरुस्त झाला, एक थेंब गळत नाही. पाटी मी लिहिली. ‘दुरुस्ती चालू. शेजारील वापरावे.’ बुधवारी सकाळी कुलूप मी लावलं. आणि ब्रिगेडियर माझ्यासमोर उभे राहून विचारत होते तेव्हा किल्ली माझ्या खिशात होती. एवढी गरम लागत होती की मांडीला फोड येईल असं वाटलं.

सव्वीस वर्षं मी एक पाऊलसुद्धा वाकडं टाकलेलं नाही, तुला माहीत आहे. मग हे कसं केलं? मलाही माहीत नाही. सातवं पान खणात होतं. घंटा व्हायच्या आधी एकदा उघडून बघितलं, एवढंच.

आता तो विषय काढतो.

आठ वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की मला शक्यच नव्हतं, दार उघडायला माझा हात उठलाच नसता. काल कळलं की हात उठतो. चांगला उठतो, कुलूपसुद्धा लावतो. म्हणजे तेव्हाही उठला असता. तेव्हा मला नियमाची नाही, लोकांची भीती होती. बहीण म्हणून सोडलं असं कुणी म्हणेल, माझ्या नावाला बट्टा लागेल, श्रेणी एक जाईल. ती तशीही मिळाली नाही.

आणि तुला उशीर कशामुळे झाला तेही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी चष्मा घरी विसरलो होतो. तू अर्ध्या वाटेवरून परत फिरलीस, चष्मा घेतलास आणि धावत आलीस. दाराच्या काचेतून तू मला चष्म्याचं घर दाखवत होतीस. मी मान हलवली. तू घर काचेवर आपटलंस. मी पाठ केली. तू साक्ष न देता गेलीस, महिन्याभरात देशही सोडलास, आणि चष्मा मला पुन्हा दिसला नाही.

वहिनी मला आठ वर्षं एकच प्रश्न विचारतेय. “डोळ्यांवर चष्मा नव्हता, तर भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दोन मिनिटं झालेली तुम्हाला दिसली कशी?” मी दर वेळी पाणी प्यायला उठतो.

चुकलं माझं, भिंगरी. हे लिहायला आठ वर्षं लागली आणि मधे एका ब्रिगेडियरची अडचण करावी लागली.

चौकशी बसली आहे. सचिवांकडे येत्या बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी निवेदनं द्यायची आहेत. मी खरं सांगणार आहे. पण मी खरं सांगितलं तर मतदान रद्द होईल आणि तुझ्या चुली विझतील. नाही सांगितलं तर उरलेले महिने त्या स्टुलावर बसायचं कसं? वहिनी म्हणते, “बसायचं, सवय आहे तुम्हाला.” तू काय म्हणशील? तुझं उत्तर वेळेत येणार नाही हे मला कळतं. तरी विचारतो.

दादा


१९ मार्च

भिंगरी,

काल बुधवार होता.

सकाळी कामकाज सुरू होताच ब्रिगेडियर उभे राहिले. म्हणाले, “गेल्या बुधवारपासून माझ्या मूत्राशयावर या सभागृहात जेवढी चर्चा झाली तेवढी लष्करावरही झालेली नाही. मी सदतीस वर्षं नकाशे वाचले आहेत. डावं कुठलं आणि उजवं कुठलं ते मला कळतं. मी जिथे गेलो तिथे जायचं होतं म्हणून गेलो. माझं मत होय आहे. लिहून घ्या.” आणि बसले. संरक्षणमंत्र्यांनी डोक्याला हात लावला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “सभासदाने स्वतः सांगितल्यावर मत बदलत नाही. पुढचा विषय.” पुढचा विषय गटारांचा होता. तो शांततेत पार पडला.

म्हणजे तुझ्या चुलींना आता धोका नाही. माझं निवेदन मात्र खिशात तसंच होतं. मी म्हटलं, आता तर द्यायलाच हवं, आता कुणाचं नुकसान नाही, झालंच तर माझं.

पाचला दहा कमी असताना निघालो. सचिवांची खोली वरच्या मजल्यावर, तीन मिनिटांची वाट. जिन्यापाशी पोचतो तर बाकाला टेकवलेली काठी दिसली. ब्रिगेडियर विसरून गेले होते. काठीशिवाय पायऱ्या उतरणार कसे? मी काठी घेऊन मागे धावलो. ते खाली गाडीपाशी कठडा धरून उभे होते.

मी काठी दिली आणि तोंडातून निघूनच गेलं, “साहेब, कुलूप मी लावलं होतं.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “पाटी वाचली मी. नळवाला एवढं सुंदर अक्षर काढत नाही. शिरोरेघ फूटपट्टीने मारली होतीस ना?”

मारली होती.

“आणि पत्रकारांच्या सज्ज्यामागे तिसरं स्वच्छतागृह आहे. तुला वाटलं मला माहीत नाही? वीस वर्षं वापरतोय.”

“मग तिकडे का नाही गेलात?”

त्यांनी काठीची मूठ चोळली. म्हणाले, “पक्षाच्या विरोधात उघड मत द्यायची हिंमत नव्हती. तोफांपुढे उभा राहिलोय मी, पण आमच्या पक्षप्रमुखांपुढे नाही. तू निमित्त दिलंस, मी घेतलं.” मग म्हणाले, “डोंगरावरच्या चौकीत एकदा आमची धान्याची गाडी अकरा दिवस आली नाही. शत्रूने अडवली नव्हती. आपल्याच नाक्यावरच्या शिपायाने अडवली होती, कागदावर एक शिक्का कमी होता म्हणून. नियमाने तो बरोबर होता. त्याला बढती मिळाली.”

त्या शिपायाचा चेहरा मला चांगला माहीत आहे, रोज सकाळी दाढी करताना दिसतो.

मग धावत वर गेलो. या वयात तीन जिने! सचिवांचं दार बंद. काचेतून आतला कारकून दिसत होता. मी निवेदन काचेला लावून दाखवलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. पाच वाजून दोन मिनिटं.

मी काच वाजवली. म्हटलं, “अहो, एका म्हाताऱ्या माणसाची काठी द्यायला गेलो होतो.” तो आतून ओरडला, “नियम आहे काका, मी केलेला नाही.” आणि त्याने पाठ केली.

मी तिथेच पायरीवर बसलो आणि हसायला लागलो. मग हसता हसता रडायला लागलो. साफसफाईवाली बाई बादली घेऊन आली, म्हणाली, “काका, कुणी गेलं का?” मी म्हटलं, “नाही बाई, दोन मिनिटं उशीर झाला.” ती म्हणाली, “एवढंच ना?”

एवढंच, भिंगरी. आतून बघितलं तर दोन मिनिटं हा उशीर असतो. काल बाहेर उभा राहिलो तेव्हा कळलं, तेवढ्यात माणूस फक्त धापा टाकत असतो. तू त्या दिवशी कशी धापा टाकत होतीस ते मला आठ वर्षांनी ऐकू आलं.

आज सकाळी सचिव स्वतः भेटले. म्हणाले, “चौकशी बंद झाली. आता काही आणून देऊ नका, परत उघडावी लागेल.” मी निवेदन त्यांच्या पुढ्यात धरलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणून ते निवेदन या पत्राबरोबर तुला पाठवतोय. कुणीतरी दाखल करून घ्यायला हवं. शिरोरेघा बघ, फूटपट्टीने मारल्यात.

साडेनऊ महिन्यांनी मी निवृत्त होईन. वहिनी म्हणते, तोवर भिंगरीला बोलवा. मी दिवसभर घरात असेन, मग तिला कुणीतरी सोबतीला लागेल. ये. वेळ कळवू नकोस. कळवलीस तर मी घड्याळ बघत बसेन.

आणि ट्रंकेची किल्ली. ती हरवली नव्हती. माझ्या जुडग्यात सदतिसावी आहे, तू गेलीस त्या दिवसापासून. पांघरुणं ठेवायला वहिनीकडे दोन कपाटं रिकामी आहेत. पत्र लिहायला मला काहीतरी कारण हवं होतं.

ट्रंक मी उघडलेली नाही. माझा जुना चष्मा तिच्यात असेल असं मला बरेचदा वाटतं. नंबर आता बदललाय, पण तू येऊन काढून दिलास तर घालीन.

तुझा
दादा